रोमा वस्तीतली आरोग्य सहाय्यक सेवा (पूर्व स्लोव्हाकिया): बाईंना पैकीच्या पैकी, हॉस्पिटलला नाही

आधीच सांगते, ही सेवा मी स्वतःसाठी वापरलेली नाही. माझं बाळंतपण इथेच झालं पण मला तिची गरज पडली नाही, का पडली नाही ते पुढे येईलच. मी कोशित्सेच्या बाजूला राहते, गाडी आहे, स्लोव्हाक बऱ्यापैकी येतं, म्हणून इथल्या एका रोमा वस्तीत काम करणाऱ्या आरोग्य सहाय्यक बाईंबरोबर अधूनमधून ड्रायव्हर म्हणून जाते, गरोदर बायकांना तपासणीला न्यायचं, परत आणायचं, एवढंच. त्यात जे दिसलं आणि त्यानंतर जे वाचून काढलं त्यावर हा रिव्ह्यू.

रोमा (ज्यांना जिप्सी म्हणतात तो समाज) म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यासमोर गाडीतून फिरणारे भटके, व्हायोलिन, घोळदार घागरे असलं काहीतरी येतं. इथले रोमा कुठेही फिरत नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या त्याच गावात आहेत, फक्त गावाच्या टोकाला, ओढ्यापलीकडे, डांबरी रस्ता संपतो तिथून पुढे. काही घरं पक्की, काही पत्रे आणि फळ्या मारून उभी केलेली, हिवाळ्यात आत लाकडाची शेगडी आणि त्याच खोलीत तान्हं बाळ. कोशित्से शहरातली लुनिक नऊ ही रोमा वस्ती २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस तिथे गेले म्हणून जगाला कळली, पण बाकीच्या वस्त्यांकडे पोप जात नाहीत, या बाई जातात.

सेवा चालवते 'ज्द्रावे रेगियोनी' म्हणून आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीतली संस्था, २०१७ पासून, त्याआधी हेच काम स्वयंसेवी संस्था करत होत्या. दोनशेच्या वर वस्त्यांमध्ये यांचे सहाय्यक आहेत, बहुतेक स्वतः रोमा, बरेचसे त्याच वस्तीतले. डॉक्टर नाही, नर्स नाही, इंजेक्शन देत नाहीत, गोळ्या देत नाहीत. मग करतात काय? आपल्याकडच्या आशाताई डोळ्यासमोर आणा म्हणजे अर्धं चित्र तयार होईल. कोण गरोदर आहे, कितवा महिना, तपासणीला गेली का, कुणाच्या बाळाची लस राहिलीय, कुणाचं इन्शुरन्सचं कार्ड हरवलंय, कुणाला डॉक्टरने लिहून दिलेलं कळलं नाही, हे सगळं त्या बघतात आणि डॉक्टरकडून वस्तीत, वस्तीतून डॉक्टरकडे निरोप नेतात.

मी ज्या बाईंबरोबर जाते त्यांची बॅग म्हणजे एक प्रकरण आहे. बीपीचं मशीन, थर्मामीटर, ग्लोव्हज, आणि एक फुगलेली वही, जिच्यात घराघराची पानं आहेत. संगणकात पण भरावं लागतं पण खरी माहिती वहीत. एका सतरा-अठरा वर्षांच्या मुलीच्या दारात उभ्या राहून त्यांनी आधी तिच्या सासूशी दहा मिनिटं लाकडाच्या भावावर गप्पा मारल्या, मग सिगारेटवर विषय नेला, सासूबाई स्वतः ओढत होत्या, त्यांना म्हणाल्या की तू बाहेर जाऊन ओढ आणि हिला देऊ नकोस, नातवंड बारीक निघालं तर इनक्युबेटरमध्ये राहील आणि मग रोज हॉस्पिटलला जायला बसचं भाडं कोण देणार. सासूने सिगारेट विझवली नाही, पण उठून बाहेर गेली. हे कुठल्याही पत्रकातून झालं नसतं, मी सांगून तर नाहीच नाही. त्यानंतर मुलीची गरोदरपणाची पुस्तिका काढून बघितली, मागच्या महिन्याचा शिक्का नव्हता, तिथल्या तिथे डॉक्टरला फोन लावला, दोन वेळा कट झाला, तिसऱ्यांदा उचलला, गुरुवारची वेळ घेतली आणि मागे वळून मला विचारलं, गुरुवारी तुझी गाडी आहे ना?

सिगारेटचा विषय त्यांनी उगीच काढला नव्हता. इथल्या रोमा बायकांमध्ये गरोदरपणात ओढण्याचं प्रमाण बरंच जास्त आहे, बाळं कमी वजनाची आणि दिवस भरायच्या आधी होण्याचं प्रमाणही इतरांपेक्षा जास्त. पण नुसतं सिगारेटवर बिल फाडून मोकळं होता येत नाही, कमी वयात पहिलं मूल, दोन मुलांत अंतर कमी, लोह कमी, घरात धूर, आणि पाणी! युरोपियन युनियनच्या मूलभूत हक्क संस्थेने २०२१ मध्ये दहा देशांत सर्व्हे केला त्यात रोमांपैकी २२ टक्के लोकांच्या घरात नळ नव्हता. युरोपियन युनियनमध्ये, एकविसाव्या शतकात. बाळंतीण घरी येते तेव्हा दुधाची बाटली कशी उकळायची, टाके कसे स्वच्छ ठेवायचे हे बाई छान समजावतात, पण पाणी बादलीने आणायचं असेल तर समजावण्याला मर्यादा येतातच ना. सर्व्हेत आयुर्मानाचा आकडाही आहे, रोमा बायका बाकीच्या बायकांपेक्षा ११ वर्षं कमी जगतात, पुरुष ९ वर्षं.

आता सरकारच्या डोक्यातली गंमत बघा. स्लोव्हाकियात मूल झालं की आईला एकरकमी भत्ता मिळतो, पहिल्या तीन मुलांना प्रत्येकी ८२९ युरो ८६ सेंट, पुढच्यांना फक्त १५१ युरो ३७ सेंट. अटी अशा की चौथा महिना संपल्यापासून दर महिन्याला तपासणी झालेली हवी, आणि बाळंतपणानंतर डॉक्टरच्या परवानगीशिवाय हॉस्पिटल सोडून गेलात तर पैसे नाहीत. अट कुणाला डोळ्यासमोर ठेवून घातलीय हे इथे शेंबडं पोरही सांगेल. रोमा बायका बाळंत झाल्यावर एक-दोन दिवसांत हॉस्पिटलमधून निघून जातात, कधी बाळ मागे ठेवून, आणि इथले लोक यावरून वाट्टेल ते बोलतात, आईची माया नाही वगैरे. त्या का जातात हे विचारायच्या आधी पैसे कापायचं ठरलं. घरी आणखी दोन-तीन लहान मुलं असतात, त्यांना बघायला कोणी नसतं, हे एक. आणि दुसरं म्हणजे तिथे राहवत नाही.

इथून रिव्ह्यूचा दुसरा भाग, म्हणजे सहाय्यक बाई जिथे थांबतात तिथून पुढचा.

दवाखान्यातल्या वेटिंग रूममध्ये मी बघितलेली गोष्ट सांगते, गाव आणि दवाखाना सांगत नाही. दाराशी नर्स येऊन नावं पुकारते. माझ्या शेजारी बसलेल्या बाईला 'या, तुम्ही आत या', आणि लगेच पुढची रोमा मुलगी, तिला 'तू, चल, कार्ड आणलंस का?' स्लोव्हाकमध्ये तू आणि तुम्ही आपल्यासारखंच चालतं, अनोळखी मोठ्या माणसाला कोणी तू म्हणत नाही, आणि ती मुलगी काही लहान नव्हती, तिसरेपणाची गरोदर होती. मी गोरी नाही हे उघडच आहे, पण मला मात्र 'तुम्ही', कारण माझ्या हातात कंपनीचा इन्शुरन्स, तोंडात इंग्लिश. बाळंतपणाला मला सहाय्यक लागली नाही ती यासाठी. त्वचेचा रंग जवळपास तोच, हॉस्पिटल त्याच भागातलं, वागणूक वेगळी. सहाय्यक बाई हे सगळं ऐकतात आणि काही बोलत नाहीत. गाडीत बसल्यावर मी विचारलं तर म्हणाल्या की आज भांडले तर पुढच्या गुरुवारी फोन उचलणार नाहीत. बरोबरच आहे त्यांचं, पण हीच या सेवेची खरी अडचण आहे, जिच्याविरुद्ध तक्रार करायची तिच्याच मर्जीवर अपॉइंटमेंट.

आणि हे तू-तुम्ही फार किरकोळ झालं. २०१७ मध्ये एका मानवी हक्क संस्थेने स्लोव्हाकियातल्या ३८ रोमा बायकांच्या मुलाखती घेतल्या, प्रसूती विभागात रोमांसाठी वेगळ्या खोल्या, एका पलंगावर दोघी, कळा येत असताना शिवीगाळ, असलं सगळं त्यांनी सांगितलंय. बल्गेरियात हेच. तिथल्या रोमा बायकांबद्दल २०१७ मध्ये युरोपियन सामाजिक हक्क समितीकडे तक्रार गेली आणि समितीने बल्गेरियाला दोषी धरलं. या वेगळ्या खोल्यांना हॉस्पिटलांकडे नेहमी एकच उत्तर, त्यांनाच आपल्या लोकांबरोबर राहायला आवडतं. असेलही एखादीला आवडत, पण विचारलं कधी होतं?

विश्वास का नाही याचं उत्तर शोधायला खूप मागे जावं लागत नाही. चेकोस्लोव्हाकियात १९७० च्या दशकापासून रोमा बायकांची नसबंदी करायला पैसे, दबाव, अर्धवट माहिती असं सगळं वापरलं जायचं. कम्युनिस्ट राजवट गेली, तरी सिझेरियनच्या टेबलावर हे चालूच राहिलं. व्ही. सी. विरुद्ध स्लोव्हाकिया ही केस वाचा एकदा. २० वर्षांची मुलगी, ऑगस्ट २००० मध्ये दुसरं मूल सिझेरियनने होणार, कळा चालू असताना तिला सांगितलं की पुढचं बाळंतपण झालं तर तू तरी मरशील नाहीतर मूल, आणि कागदावर सही घेतली. ती म्हणाली मला कळलंच नाही कशावर सही करतेय. केस पेपरवर ती रोमा असल्याची नोंद होती. युरोपियन मानवी हक्क न्यायालयाने नोव्हेंबर २०११ मध्ये अमानुष वागणूक झाली असा निकाल दिला, नुकसानभरपाई ३१ हजार युरो. पुढे मूल होणार नाही म्हणून वस्तीने तिला बाजूला टाकलं, नवऱ्यापासून घटस्फोट झाला, त्याला ३१ हजारात काय होतं ते तुम्हीच ठरवा. हंगेरीची एक केस याहून भयंकर, तिचं बाळ पोटातच गेलं होतं, अँब्युलन्स हॉस्पिटलला पोचल्यापासून १७ मिनिटांत सिझेरियन पण आणि नसबंदी पण, आणि संमती म्हणे त्याच १७ मिनिटांत घेतली. २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समितीने हंगेरीला दोषी ठरवलं. चेक सरकारने २००९ मध्ये खेद व्यक्त केला आणि २०२१ मध्ये कायदा करून प्रत्येक पीडित बाईला ३ लाख कोरुना द्यायचं ठरवलं, स्लोव्हाक सरकारने माफी मागितली ती थेट नोव्हेंबर २०२१ मध्ये.

म्हणजे आज जी मुलगी बाळंतपणाला जातेय तिच्या आईच्या किंवा मावशीच्या वयाच्या बायकांबरोबर हे झालंय. आणि आपण तिला विचारतो की बाई गं, तू वेळेवर हॉस्पिटलला का येत नाहीस!

या सगळ्यात सहाय्यक बाईंची किंमत कळते. त्यांनी सांगितलं की ये, मी बरोबर आहे, तर ती येते. काही हॉस्पिटलांत आता प्रसूती आणि बालरोग विभागातसुद्धा असे सहाय्यक नेमलेत, ही मला या सगळ्या योजनेतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते, कारण दारापर्यंत सोडून परत फिरायचं आणि आत काय होतं ते देव जाणे, हे निदान तिथे तरी संपतं. पण ते काही ठिकाणी. सगळीकडे का नाही, तर ही सेवा बऱ्याच अंशी युरोपियन युनियनच्या सामाजिक निधीतून चालते, प्रोजेक्टच्या हिशोबाने. एक प्रोजेक्ट संपतो, दुसरा येईपर्यंत सगळे जीव मुठीत धरून. विश्वास बसायला वर्षं लागतात आणि करार प्रोजेक्टपुरता, हे गणित कोणी मांडलं कोण जाणे.

इतर देशांत हेच कसं चाललंय तेही थोडक्यात टाकते कारण तुलना केल्याशिवाय रिव्ह्यू पुरा होत नाही.

रोमानिया यात सगळ्यात जुना. तिथे रोमानी क्रिस या रोमा संस्थेने नव्वदच्या दशकात मध्यस्थ बायका तयार करायला सुरुवात केली, २००२ मध्ये आरोग्य मंत्रालयाने आदेश काढून ते काम आपल्याकडे घेतलं. पुढे २००९ च्या सुमारास सरकारने ही जबाबदारी स्थानिक नगरपालिका-ग्रामपंचायतींकडे ढकलली आणि मध्यस्थांची संख्या घसरली, कारण रोमांसाठी पगाराची जागा भरायची म्हटल्यावर किती महापौर उत्साहाने पुढे येतील? ज्यांनी सुरू केलं त्यांचंच असं झालं.

बल्गेरियात २००७ पासून आरोग्य मध्यस्थ हा अधिकृत व्यवसाय आहे, पगार सरकारी बजेटमधून, ट्रेनिंग मेडिकल युनिव्हर्सिटीत, त्यामुळे कागदावर तरी स्लोव्हाकियापेक्षा पाया पक्का. पण तिथे दुखणं दुसरंच, बऱ्याच रोमा बायकांकडे आरोग्य विमाच नाही. विमा नसलेल्या गरोदर बाईला कितीतरी वर्षं सगळ्या नऊ महिन्यांत मिळून एकच मोफत तपासणी होती, नंतर वाढवून चार केल्या. मध्यस्थ कितीही गुणी असली तरी पाचव्या तपासणीला ती काय जादू करणार. तिथे अजून एक प्रयोग चाललाय तो मला फार आवडला, २०१६ पासून सोफियात आणि नंतर प्लोव्हदिव्हमध्ये, पहिलटकरीण असलेल्या गरीब, कमी वयाच्या मुलींच्या घरी नर्स जाते, गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत, सारखी तीच नर्स, आणि तिच्या जोडीला रोमा मध्यस्थ. मूळ कल्पना अमेरिकेतली आहे. इथे नर्स बोलावत नाही, नर्स जाते, आणि चपला काढून त्यांच्या सोफ्यावर बसते. मोजायला साधा वाटणारा फरक, पण माणूस कुणाच्या घरी बसून बोलतोय यावर आवाज बदलतो हे कोणीही सांगेल.

सर्बियाचं एका गोष्टीसाठी कौतुक, ते मोजतात. युनिसेफबरोबर रोमा वस्त्यांचा वेगळा सर्व्हे करतात. २००५ मध्ये तिथल्या रोमा वस्त्यांत हजार जन्मांमागे २५ बाळं पहिल्या वाढदिवसाआधी जात होती, २०१४ पर्यंत ते १३ वर आलं, तरीही देशाच्या सरासरीच्या दुप्पट. मध्यस्थ बायका तिथे २००८ पासून आहेत. सगळं श्रेय त्यांना देता येणार नाही, पण निदान आकडा आहे, भांडायला काहीतरी हातात आहे. स्लोव्हाकियात आरोग्याच्या नोंदींत बाई रोमा होती की नाही याचा भरवशाचा हिशोब ठेवतच नाहीत. कारण ऐकायला उदात्त आहे, भेदभाव होऊ नये म्हणून. आणि केस पेपरवर मात्र व्ही. सी. च्या वेळी बरोबर लिहिलं होतं! ज्या नोंदीने बाईचं भलं होईल ती नाही, ज्याने वाटोळं होईल ती आहे.

अजून एक सांगायचं राहिलं. 'यांना इतकी मुलं का' हे वाक्य तुम्ही इथे आठवड्यातून एकदा तरी ऐकाल, टॅक्सीत, ऑफिसात, कुठेही. तर याच देशात २०११ च्या कायद्याने नुसत्या गर्भनिरोधनासाठी घेतलेल्या गोळ्या-साधनांना सरकारी आरोग्य विम्यातून पैसे द्यायला बंदी आहे. म्हणजे गोळी घ्यायची तर खिशातून, तांबी बसवायची तर खिशातून. सहाय्यक बाई कुटुंबनियोजनाची माहिती देतात, पण त्यानंतर पुढचा प्रश्न किंमत किती हाच येतो आणि तिथे बोलणं संपतं. बाई मला म्हणाल्या की दोन मुलांत अंतर ठेवा हे मी दहा वर्षं सांगतेय, कशाने ठेवायचं ते सरकारला विचारा.

तर मार्क. सहाय्यक बाईंना पाचपैकी पाच, त्याहून जास्त देता आले असते तर दिले असते. योजनेला साडेतीन, दीड कापला तो प्रोजेक्टच्या पैशांसाठी आणि हॉस्पिटलच्या आत त्यांना काही अधिकारच नसल्यामुळे, त्यांनी बघितलेला अपमान कुठे नोंदवायचा याची सोय असायला हवी आणि नोंदवल्यावर त्यांची अपॉइंटमेंट अडकता कामा नये. प्रसूती विभागांना मी मार्क देत नाही, एकच बाळंतपण अनुभवलंय आणि तेही 'तुम्ही' वालं. युरोपियन युनियनने २०२० मध्ये ठरवलंय की २०३० पर्यंत रोमांच्या आयुर्मानातली तफावत निम्म्याने तरी कमी करायची, बघूया.

कोशित्से, प्रेशोव, स्पिश भागात राहणारे कुणी मराठी वाचत असाल आणि मदत करावीशी वाटत असेल तर कृपा करून जुने कपडे गाडीत भरून वस्तीत जाऊन वाटत सुटू नका, त्याने सहाय्यक बाईंचं काम वाढतं आणि भांडणं लागतात. आधी तिथल्या सहाय्यकाला विचारा. बहुतेक वेळा त्यांना गाडी हवी असते, तपासणीच्या दिवशी सकाळी, बाळाच्या सीटसकट, कारण हॉस्पिटलमधून घरी सोडताना तान्ह्याला मांडीवर घेऊन नेता येत नाही आणि भाड्याच्या गाडीवाले वस्तीचा पत्ता ऐकला की येत नाहीत. मी सीट सेकंडहँड घेतली, चाळीस युरोला, पट्टे नीट तपासून घ्या.